उसण आणि पायाळूची लाथ

आमच्या आळीतले तात्या एकदा ज्वारीचे पोते उचलायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. "आई गं!" एवढेच तोंडून निघाले. काकू धावत आल्या. शेजारीपाजारी जमले. जो तो म्हणू लागला, "उसण भरली. शिरेवर शीर चढली. पायाळू माणसाला बोलवा."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाने कमरेत लाथ मारली की उसण जाते, असा पुष्कळ ठिकाणी समज आहे. शेजारचा एक पोरगा पायाळू होता. त्याने भीतभीत तात्यांच्या कमरेत तीनदा पाय मारला. आठदहा दिवसांत तात्या शेतावर जाऊ लागले. लोक म्हणाले, लाथ लागू पडली!

खरेच लागू पडली का? आपली कंबर आतून कशी आहे ते आधी पाहू.

पाठीच्या मधोमध हात फिरवा. हाताला मणी लागतात ना? ते मणके. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या मागच्या बाजूने एक पोकळ वाट जाते. तिच्यात मेंदूपासून आलेली मऊ दोरी असते. तिला मज्जारज्जू म्हणतात. तिच्यातून बारीक तंतू फुटून हातापायांत जातात. मेंदूने सांगितले, "पाय उचल," की तो निरोप याच वाटेने पायाला पोचतो.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ही गादी कशी? पुरणाच्या उंड्यासारखी. बाहेर चिवट आवरण, आत मऊ गर. उंडा एका कडेला दाबला तर पुरण दुसऱ्या कडेला सरकते. तिथले आवरण पातळ असेल तर फुटून बाहेर येते. आपण कमरेत वाकतो तेव्हा गादीची पुढची कड दाबली जाते आणि गर मागे सरकू पाहतो. मागेच तंतू असतात. गर बाहेर येऊन तंतूला लागला की कळ कमरेतून निघून कुल्ल्यावरून थेट पोटरीपर्यंत जाते. यालाच डॉक्टर सायटिका म्हणतात.

आपण मात्र सगळ्याला शीर म्हणतो. रक्ताची नळी, तीही शीर. निरोप नेणारा तंतू, तीही शीर. आणि स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, तीही शीरच. नाव एक, वस्तू तीन! या तिसरीचे खरे नाव कंडरा. टाचेच्या मागे चिमटीत धरून पाहा, जाड दोरीसारखी लागते ती कंडराच. कंडरा एकाच हालचालीने दुखावते. दिवसभर खुरपे चालवणे, धारा काढणे, तान्ह्या पोराला सारखे उचलणे, यांनी अंगठ्याजवळ मनगट दुखू लागते. तिथे कोणतीही शीर चढलेली नसते. त्या हाताला काही दिवस आराम द्यावा, कामाचा हात बदलावा. जोराने चोळू नये. चोळल्याने सूज वाढू शकते.

आता पोत्याकडे येऊ. भरलेली घागर पोटाशी धरून उभे राहा. मग तीच घागर हात लांब करून धरा. वजन तेवढेच, पण कंबर लगेच बोलू लागते. ओझे अंगापासून जितके दूर, तितका कमरेवर ताण जास्त. पहारीच्या लांब टोकाला थोडा जोर लावून मोठा दगड हलतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून कमरेत न वाकता गुडघ्यांत बसावे, ओझे छातीशी धरावे आणि पायांच्या जोराने उठावे. वळायचे झाले तर पाय वळवावेत, कंबर पिळू नये. भरलेल्या पोत्याला दोघे लागावे. आणखी एक, रात्रभर आडवे झाल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस एकदोन सेंटीमीटर उंच भरतो, तो यामुळेच. तेव्हा उठल्या उठल्या मोळी उचलू नये. अर्धा तास इकडची तिकडची हलकी कामे करावी.

साधी उसण म्हणजे बहुधा स्नायूंचा किंवा सांध्याचा लचका. ती बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप बरी होते. शेक घ्यावा, झेपेल तितके चालावे. दोन दिवसांच्या वर अंथरूण धरू नये. तात्याही असेच बरे झाले. लाथ मारली नसती तरी बरे झाले असते. श्रेय मात्र लाथेने घेतले!

दोन वर्षांनी तात्यांची पाठ पुन्हा दुखू लागली. या वेळी त्यांनी काही उचलले नव्हते. दुखणे हळूहळू वाढत गेले. रात्री झोप लागेना. संध्याकाळी अंगात कणकण असे. सदरा ढिला होऊ लागला. खोकला नव्हता, म्हणून कुणाच्या मनात काही आले नाही. पुन्हा त्याच पोराला बोलावले. तात्या पालथे निजले. काकूंनी पाठीवरचा सदरा वर केला आणि त्या थबकल्या.

"थांब रे पोरा. हा मणी असा वर आलेला नव्हता. पाय लावू नकोस."

"अहो काकू, मागच्या वेळी..."

"मागच्या वेळचं सोड. बैल जुंप. दवाखान्यात जायचंय."

आरोग्य केंद्रातून त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. फोटो काढला, तपासण्या झाल्या. मणक्याला क्षय झाला होता. होय, क्षय फुप्फुसातच होतो असे नाही, हाडालाही होतो. त्यात मणका आतून पोखरतो. अशा मणक्यावर लाथ बसली असती तर तो खचून मज्जारज्जू दाबली गेली असती, आणि तात्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले असते.

म्हणून ताप, वजन घटणे, रात्रीचे दुखणे, वर आलेला मणी, यांपैकी काही पाठदुखीबरोबर दिसले तर डॉक्टर गाठा. पाय लुळे पडू लागले, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. उद्यावर टाकू नका.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तात्यांना ती वर्षाहून अधिक काळ घ्यावी लागली. मध्येच बरे वाटले तरी काकूंनी एकही गोळी चुकू दिली नाही. दर महिन्याला गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात कोण जाई? तोच पायाळू पोरगा. आता तात्या शेताच्या बांधावर बसून राखण करतात. पोती उचलायची वेळ आली की ते त्यालाच हाक मारतात, आणि तो गुडघ्यांत नीट बसला की नाही, हे बांधावरूनच ओरडून विचारतात.