चार भाषांवर खापर फोडू नकोस

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, असं चेन्नईतल्या मराठी आईनं कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं. 'घरात मराठी, खाली तमिळ, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. लेकरू गोंधळणारच गं!' विटा-खानापूरकडून येऊन सौकारपेठेत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, व्यवसाय करणाऱ्या घरात हेच ऐकू येतं, आणि ओएमआरवरच्या आयटीवाल्यांच्या सोसायटीतही हेच. सांगणारे मायेनं सांगतात, म्हणून ते पटतं. पटलं की आपण थांबतो, आणि त्या थांबण्यात वर्ष निघून जातं.

तू थांबू नकोस. दोन-तीन भाषा कानावर पडणाऱ्या मुलाचे शब्द त्या भाषांमध्ये वाटले जातात. 'पाणी' मराठीत, 'बॉल' इंग्रजीत, 'वा' म्हणजे 'ये' हे तमिळमध्ये. सगळे मिळून मोज, मग खरा साठा कळतो. पण चिमणी दिसली की बोट करून तुला दाखवणं, दाखवल्यावर तू बघतेस ना म्हणून तुझ्या तोंडाकडे बघणं, टाटा करणं, बाहुलीला खोटंखोटं भरवणं, याला कुठली भाषा लागते? भाषांमुळे बोलणं थोडं मागेपुढे होईल एक वेळ, हे सगळं थांबत नाही. म्हणून शब्द मोजण्याआधी हे बघ.

वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर सहसा वळतं. दीड वर्षाचं मूल आवडलेली वस्तू बोटानं दाखवतं. दोन वर्षांचं 'दूध दे', 'बाबा ये' असे दोन शब्द जोडतं. तुझं लेकरू हवी ती वस्तू न मागता तुझा हात धरून डब्यावर नेऊन ठेवतं का? गाडी चालवण्याऐवजी उलटी करून तिची चाकंच फिरवत बसतं का? मिक्सर लावला की कान दाबून किंचाळतं का? यातली एखादीच गोष्ट असली म्हणजे ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, आहे असं नाही. पण बऱ्याच एकत्र दिसत असतील तर तज्ज्ञाला दाखवायचं. आणि आधी येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद झालं असेल, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठ. मुलगी असेल तर जरा जास्तच लक्ष दे, कारण मुलींमधली लक्षणं 'लाजाळू आहे' म्हणून सोडून दिली जातात.

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडेच जा, पण लसीच्या गर्दीत उभ्या-उभ्या विचारू नकोस. वेगळी वेळ घे आणि स्पष्ट म्हण, 'मला याची ऑटिझमसाठी तपासणी करून हवी आहे.' सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाचणी असते. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. पुढचं काम विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं. चेन्नईत त्यासाठी सरकारी सोय चांगली आहे. एग्मोरला इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ हे मुलांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. ईस्ट कोस्ट रोडवर मुट्टुकाडूला केंद्र सरकारची, बहुविकलांग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, सगळे तिला निपमेड म्हणतात. ती 2005 मध्ये सुरू झाली आणि लहान मुलांसाठीचं अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरही तिथे आहे. लांब पडतं खरं, पण वेगवेगळे तज्ज्ञ एका आवारात भेटतात. खाजगी ठिकाणी गेलीस तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का, ते विचार. विचारायला अजिबात संकोचू नकोस.

ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तुझ्या गरोदरपणापासूनचा इतिहास विचारतात, मुलाला खेळताना बघतात, ऐकू नीट येतं का हे पाहण्यासाठी बेरा करायला सांगतात. बेरा मूल गाढ झोपलेलं असताना होते, म्हणून त्या दिवशी त्याला वाटेत झोपू देऊ नकोस. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आपल्याकडे इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे असतात, आणि गुण सत्तरच्या खाली आले तर ऑटिझम धरत नाहीत.

आता आपल्या घरांना लागू असलेली खरी गोष्ट. तपासणारी व्यक्ती तमिळ किंवा इंग्रजीत म्हणते, 'चेंडू दे', आणि मूल ढिम्म. आता ते समजलं नाही म्हणून ढिम्म, की भाषा परकी म्हणून? हे तिला कसं कळणार? तूच आधी सांग, 'आमच्याकडे मराठी बोलतात, सूचना मी मराठीत देऊ का?' चांगला तज्ज्ञ याला हरकत घेत नाही, उलट त्याला मदतच होते. मात्र तू सूचना दे, इशारा करू नकोस. आपण बोलताना नकळत मान हलवतो, डोळ्यांनी चेंडू दाखवतो, आणि मूल ते बघून उचलतं.

घरून निघण्याआधी मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेव. मागून नावानं हाक मारलेली, जेवताना, दुसऱ्या मुलाबरोबर बागेत, खूश असताना आणि चिडल्यावर. अनोळखी खोलीत जे दिसत नाही ते यात दिसतं. त्याचे सगळे शब्द एका वहीत अर्थासकट लिहून ने. तुझं तमिळ कच्चं असेल आणि इंग्रजीत मनातलं सांगता येत नसेल, तर दोन्ही येणारी मैत्रीण सोबत ने, आणि ती तुझं बोलणं मऊ न करता जसंच्या तसं सांगेल, एवढं बघ.

एखादे डॉक्टर सांगतील, 'घरात फक्त इंग्रजी बोला.' हे ऐकून कितीतरी आयांनी अंगाईगीतसुद्धा बंद केलंय, आणि मला याचं फार वाईट वाटतं. कॅनडातल्या हॅम्बली आणि फाँबोन या संशोधकांनी 2012 मध्ये द्विभाषिक आणि एकभाषिक घरांतल्या ऑटिस्टिक मुलांची तुलना केली. द्विभाषिक मुलांचं बोलणं त्यामुळे अधिक मागे पडलेलं आढळलं नाही. ज्या भाषेत तुला रागावता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत त्याच्याशी बोल. थेरपी इंग्रजीत किंवा तमिळमध्ये चालू दे. थेरपिस्टकडून घरी काय करायचं ते शिकून घे आणि ते मराठीत कर.

घरात विरोध होईल. 'याचा बाबाही उशिरा बोलला होता.' सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतील, शेजारच्या पाटी, म्हणजे तमिळ आजीही तेच सांगतील. त्यांच्याशी भांडू नकोस, पण तारीख पुढे ढकलू नकोस. नवऱ्याला मात्र पहिल्या भेटीपासून सोबत घे. डॉक्टरांच्या तोंडून त्यानं स्वतः ऐकलेलं असलं की घरात तुला एकटीला बाजू मांडावी लागत नाही. आणि कुणी तुझ्या नोकरीला, मोबाइलला, गरोदरपणातल्या रडण्याला दोष दिला तर मनावर घेऊ नकोस. आईच्या वागण्यामुळे स्वमग्नता येते हा समज शास्त्रज्ञांनी केव्हाच टाकून दिलाय. मोबाइल कमी कर, कारण तेवढा वेळ तुमच्या दोघांच्या खेळाला मिळेल.

'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्टेम सेलची इंजेक्शनं त्यात पहिली. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकार वगळता स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर मान्य नाही. त्यासाठी दागिने मोडू नकोस.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्र असलं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो, पण ते सावकाश काढता येतं. थेरपीला प्रमाणपत्र लागत नाही, पक्कं निदानही लागत नाही. तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली तरी स्पीच थेरपी पुढच्या सोमवारपासून सुरू करता येते. तपासून काही निघालं नाही तरी त्यानं तुझ्या लेकराचं काहीच बिघडत नाही. तेव्हा आज बालरोगतज्ज्ञांची वेळ घे, आणि ते 'आणखी सहा महिने बघू' म्हणाले तर चिठ्ठी घेऊन पुढच्या तज्ज्ञाकडे जा.