समुद्राच्या पाण्यात तांबं नको

नाशिक

चि. सुहास यास,


टाकीचा व्हिडिओ पाहिला. मासे झकास आहेत, खडकावरचं मऊ प्रवाळही छान उमललंय. पण व्हिडिओत मागून ग्राइंडरचा आवाज येत होता, तेव्हा लक्षात आलं की टाकी घरी नाही, चंडीगडला फेज दोनमधल्या तुमच्या शेडच्या वरच्या ऑफिसात आहे. इंडस्ट्रियल एरियात नट-बोल्ट करता करता समुद्र पाळायचा असेल, तर धातू हाच तुझा मुख्य शत्रू. सातपूरच्या टूलरूममध्ये माझा जन्म गेला, म्हणून अधिकाराने लिहितो.

पहिलं म्हणजे, मासे ठणठणीत आहेत यावर विसंबू नकोस. द्राक्षबागेत आपण मोरचूद-चुन्याचं, म्हणजे तांब्याचंच, बोर्डो मारतो. बुरशी मरते, वेल जगतो. माशांना पांढरे ठिपके पडले की दुकानदार देतो ते औषधही बहुधा तांब्याचंच. लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम तांबं असलं तर मासा ते सोसतो आणि त्याच्या अंगावरचा परजीवी मरतो. पण त्याच पाण्यात कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळही मरतात. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं. पण गरजेपेक्षा जास्त झालं की तिचे कल्ले निकामी होतात. म्हणून माशांकडे नको, गोगलगाईंकडे बघत जा. त्या काचेवर चढेनाशा झाल्या, वाळूत उताण्या पडायला लागल्या, कोळंबी कात टाकताना गेली, प्रवाळ दिवसभर मिटून राहिलं, की आधी धातूचा संशय घ्यायचा.

आता धातू आत येतो कुठून ते बघ. सगळ्यात सोपी वाट तुझे हात. खालून आलास की कोपरापर्यंत हात धू, साबणाचा अंशही ठेवू नकोस, आणि कामाच्या शर्टाची बाही पाण्याजवळ नेऊ नकोस. दुसरी वाट कुणाच्या ध्यानात येत नाही. तुझा स्किमर फेस करण्यासाठी खोलीतली हवा ओढतो, म्हणजे ग्राइंडरची धूळ आणि प्लेटिंगची वाफ दिवसरात्र पाण्यात मिसळतो. त्याच्या हवेची नळी शेडच्या उलट बाजूच्या खिडकीबाहेर काढ आणि तोंडाला फिल्टर लाव.

तिसरी वाट उन्हाळ्याची. मे-जूनमध्ये चंडीगडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकीला पंचवीस-सव्वीस अंश लागतात. तिथे जुन्या एसीची कॉइल पाण्यात सोडून स्वस्तात चिलर करून देणारे मिस्त्री भेटतील. ती कॉइल तांब्याची असते. खारट पाण्यात ती हिरवी पडायला लागली की सगळी टाकी गेलीच समज. चिलर घ्यायचा तो टायटॅनियमच्या कॉइलचाच.

चौथी वाट पाण्याची. पिण्याच्या आरओवर विश्वास ठेवू नकोस. हल्ली कितीतरी मशिनांत मुद्दाम तांबं सोडणारं कार्ट्रिज असतं, शिवाय चवीसाठी थोडं कच्चं पाणीही मिसळतात. टाकीसाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून गेलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी हवं. पितळी तोटी नको, गिझरचं पाणी नको. आणि ताई दिवाळीला तिकडे आली की तिला आधीच सांगून ठेव: तिच्या तांब्याच्या कळशीतलं पाणी माणसांना चांगलं, टाकीला नाही. नाहीतर पाणी उतरलेलं दिसलं की मायेने ओतायची.

आता तुझ्याच धंद्यातली गोष्ट. शेडमध्ये ३०४ स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, असं आपण धरून चालतो. मिठाच्या पाण्यात त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत जातात. ३१६ जास्त टिकतं, पण पाण्याखाली तेही नको. क्लॅम्प, स्क्रू सगळं प्लास्टिक किंवा नायलॉनचं वापर. काच पुसायच्या चुंबकाचं आवरण दर आठवड्याला बघ. त्याला बारीक चीर गेली तरी आतला निकेलचा मुलामा सुटतो आणि चुंबक गंजायला लागतं. टाकीवरच्या दिव्याचे स्क्रूही तपास; उडालेलं मीठ तिथे साचतं आणि गंज खाली ठिबकतो. वाळूतून लोहचुंबक फिरवलंस ते बरं केलंस, पण त्याला फक्त लोखंड चिकटतं. पितळेचा कीस त्याच्या नाकाखालून जातो.

औषध द्यायची वेळ आली तर मासा वेगळ्या, रिकाम्या टाकीत काढ. मुख्य टाकीत तांबं गेलं की ते चुनखडीच्या खडकात आणि वाळूत बसतं आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सुटत राहतं. याच कारणासाठी कुणाचे वापरलेले खडक फुकट मिळाले तरी घेऊ नकोस. आणि दगडी प्रवाळाच्या वाटेला जाऊच नकोस. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, विकणारा काहीही म्हणो.

शंका आली तर घरगुती किटच्या शून्यावर थांबू नकोस. खुल्या समुद्रात लिटरमागे तांबं एक मायक्रोग्रॅमही नसतं. तिथवर किटची नजर पोचत नाही. पाण्याचा नमुना आयसीपी तपासणीला पाठव. तोवर पॉलीफिल्टर लाव. तो निळसर झाला की तांबं आहे असं समज. पाणी बदल, कार्बन घाल, पण आधी धातू कुठून येतोय ते शोधून ती वस्तू बाहेर काढ. ती आत असेपर्यंत बाकीचे सगळे उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या रविवारी टाकीतली, टाकीवरची आणि पाणी भरण्याच्या वाटेवरची प्रत्येक धातूची वस्तू कागदावर उतरवून काढ आणि यादी मला पाठव. चिलरचे पैसे त्यानंतरच दे.

तुझा,
मामा