आत्या होणाऱ्या भाचीला

बयो,

तुझ्या वहिनीला आठवा महिना लागला. म्हणजे आता तू आत्या होणार. परवा फोनवर विचारलंस, "बारशाला मला नेमकं काय करायचं असतं गं?" पाळण्याशी कसं वाकायचं ते मी शेजारी उभी राहून दाखवीन. पण त्याच्या आधीचं, नाव ठरण्याचं, असं उभ्याउभ्या दाखवता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुझ्या दादाच्या कानात आणि तुझ्या कानात मीच 'कुर्र' केलं होतं. शिवाय एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाची हजेरी घेतली. ठेवलेली नावं पुढे पोरांच्या अंगावर कशी बसतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

सगळ्यात आधी एक लक्षात घे. आत्याचा मान नाव सांगण्याचा असतो, ठरवण्याचा नसतो. पण ठरवताना आईला विचारायला हवं, ते आमच्या घरात राहून गेलं. तुझं नाव अण्णांनी पंचांग उघडून ठरवलं, मी ते पाळण्यात वाकून तुझ्या कानात सांगितलं, आणि घुगऱ्या वाटून झाल्या. तुझ्या आईला कुणी विचारलं नाही. मीही नाही. बाळंतिणीच्या खोलीतून तिला बाहेर आणून पाटावर बसवलं, तेव्हा तिला आपल्या लेकीचं नाव कळलं. पुढे खूप वर्षांनी आम्ही दोघी पापड लाटत होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "माझ्या मनात वेगळं होतं हो, वन्सं." काय होतं ते मी विचारलं. ती लाटतच राहिली. तेव्हापासून मी दर बारशाच्या आधी बाळंतिणीजवळ जाऊन बसते. तूही वहिनीजवळ जा, एकटी जा, घरात चार माणसं जमायच्या आत. तिच्या मनात कोणती नावं आहेत ती कागदावर उतरवून घे. दादाची त्याखाली. मग आजी-आजोबांची, मावशीची, काकांची. यादी कितीही लांबली तरी चालेल, पण तिची नावं वर राहू देत.

आता दुसरं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते. नावाला गोष्ट हवी. दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं जरा रुळली, की मी त्यांना घरून एकच विचारून यायला सांगत असे: माझं नाव हेच का ठेवलं? दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता फुललेला असायचा. एक मल्हारी, कारण जेजुरीला नवस बोललेला. एक विठ्ठल, आषाढी एकादशीला जन्मलेला. एक कृष्णा नावाची मुलगी, नदीला पूर असताना तिच्या आईला होडीतून दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून. ती छाती पुढे काढून सांगायची, जणू पूर तिनेच आणला होता. जोतीराव फुल्यांचं नाव जोतिबाच्या यात्रेवरून पडल्याचं त्यांच्या चरित्रांत सांगतात, ते मी त्या दिवशी मुलांना सांगत असे. वारल्यांमध्ये, कातकऱ्यांमध्ये जन्मवारावरून सोमा, मंगळ्या, बुध्या अशी नावं ठेवण्याची रीत आहे, तेही सांगत असे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या नावात वडिलांचा 'सोमा' आहे, तो मुलांना फार आवडायचा.

एका वर्षी एका मिलिंदचे आजोबा उत्तर द्यायला स्वतः शाळेत आले. त्यांचं स्वतःचं नाव कचरू. म्हणाले, "बाई, माझं नाव आमच्या मर्जीचं नव्हतं." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या गर्दीत ते होते. परत येताना त्यांनी मनाशी ठरवलं की घरातल्या एकाही लेकराचं नाव आता दुसऱ्याच्या तोंडची शिवी असणार नाही. त्यांच्या घरात मग सुजाता आली, राहुल आला, संघमित्रा आली. राजा मिलिंद नागसेन भिक्खूंना प्रश्नामागून प्रश्न विचारत होता, ही गोष्ट त्यांनी वर्गाला सांगितली आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणून हा प्रश्न विचारणारा." त्या दिवसानंतर तो पोरगा खरोखरच प्रश्न विचारायला लागला.

कचरू, दगडू, धोंडू, भिकू, उकिरडा ही नावं सगळीच एका हेतूने आलेली नाहीत, हेही तुला माहीत असावं. पाठोपाठची मुलं दगावली की आई पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायची. दगडाकडे काळाचं लक्ष जाणार नाही, ही तिची आशा. त्या नावात तिचा जीव अडकलेला असतो. आणि तीच नावं काही जातींच्या माथी मारली गेली, कारण त्यांनी चांगलं नाव ठेवलेलं गावाला खपत नसे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. म्हणून जुन्या माणसाच्या नावाला कुणी हसलं, तर तिथल्या तिथे थांबव.

एका मुलीने मात्र उत्तर आणलं नाही. ती तिसरी लेक, आणि दाखल्यावर तिचं नाव होतं नकोशी. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं. मी तिला हजेरीत 'ताई' म्हणून हाक मारत असे, पण पटावर तेच राहिलं. दाखला घ्यायच्या वेळीच तिच्या घरी जाऊन बसायला हवं होतं, ते मी केलं नाही. याची बोच अजून जात नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली, प्रमाणपत्रं दिली. त्या पोरींनी ती नावं स्वतःसाठी निवडलेली होती. बातमी वाचली तेव्हा माझी ती मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली होती. तुला हे सांगते ते अशासाठी, की नाव त्याच बाळासाठी असावं. पुढच्या बाळाची आशा, राहून गेलेला कुणाचा हट्ट, देवाला केलेली तक्रार, यातलं काही त्यात भरू नये. बाळाने विचारल्यावर डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल, असंच नाव ठेवा.

पंचांगाचं थोडक्यात सांगते. नक्षत्रं २७, प्रत्येकाची चार चरणं, म्हणून अक्षरं १०८. अश्विनीची चू, चे, चो, ला. रोहिणीची ओ, वा, वी, वू. हस्ताच्या एका चरणाला ण येतो, आर्द्रेला ङ, उत्तराभाद्रपदेला ञ. या अक्षरांवरून कुणी नाव ठेवायचं? तेव्हा अक्षरासाठी घर डोक्यावर घेऊ नका. नावरस नाव वेगळं आणि हाकेचं नाव वेगळं, ही आपल्याकडची जुनीच सोय आहे. नावरस नाव पत्रिकेत राहील, देवाधर्माला लागेल तेव्हा काढता येईल. आणि दोन नावांतलं कोणतं टिकेल ते आपल्या हाती नसतं. लोकमान्यांचं ठेवलेलं नाव केशव, त्यांच्या पणजोबांचं. घरात लाडाने 'बाळ' म्हणायचे, आणि सगळ्या देशाने त्यांना बाळ गंगाधर म्हणूनच ओळखलं. म्हणून लाडाचं नावही जरा जपून ठेवा. छकुली, पिंट्या म्हणता म्हणता माणूस साठीला येतो.

अण्णांचं नाव ठेवायचं का, असा विषय घरात निघणारच. नातवाला आजोबांचं नाव देण्याची चाल जुनी. पेशव्यांकडे बघ: बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये गेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नातू झाला, तो बाळाजी बाजीराव. खुद्द थोरल्या बाजीरावाचं ठेवलेलं नाव विसाजी, तेही आजोबांवरूनच. पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग पोटच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून घराघरांत नाना, बाळ, आबा, तात्या आले. आता ती अडचण उरली नाही. नाव जुनं वाटत असेल तर त्याच देवाचं किंवा त्याच अर्थाचं दुसरं शोधा, आजोबांचा धागा राहतोच.

आजीचं नाव ठेवावं असं मात्र कुणाच्या तोंडून सहसा निघत नाही. आणि ठेवायचं म्हटलं तरी कोणतं? आपल्या बायकांना नावं दोन. बारशाला ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात ना, लग्नातही तसंच तांदळाचं ताट, तशीच अंगठी, आणि पहिलं नाव पुसून दुसरं. माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं. तिचे भाऊ तिला अक्का म्हणायचे, इकडचे सगळे सासरच्या नावाने हाक मारायचे. ट्रंकेच्या तळाशी तिचा चौथीचा दाखला निघाला, त्यावर ते होतं. तीन अक्षरी, सुंदर. मी बराच वेळ ते मोठ्याने म्हणत बसले होते. ते नाव मी या पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हा पोरांवर त्याचं ओझं होईल. तुझी वहिनी स्वतःहून विचारेल, तर तिला सांगेन.

नाव निवडलं की ते तोंडात घोळवून बघायचं. मागच्या दारातून पुढच्या अंगणात ऐकू जाईल अशी हाक मारून बघ. शेवट उघड्या स्वरावर असेल तर हाक लांबवता येते. पुढे मुलं त्याचं काय करतील तेही बघून ठेव. पांडुरंगाचा पांडू होतो, लक्ष्मणाचा लक्ष्या, आणि शेवटी 'या' लावून बघितल्याशिवाय मराठी पोरगं कुणाला सोडत नाही. त्यात वाईट काही नाही, पण तोडलेलं रूप वेडंवाकडं होत असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आडनावाला जोडून म्हण. आद्याक्षरं एकापुढे एक लिहून बघ. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरांचं असावं, असं सांगितलंय. मोजत बसा असं मी म्हणणार नाही, पण नाव आटोपशीर असावं हे त्यांनाही कळत होतं.

अर्थ नावांच्या पुस्तिकेत बघू नकोस, कोशात बघ. अनया हे नाव कानाला गोड लागतं, कितीतरी मुलींचं असतं, पण संस्कृतात अनय म्हणजे अनीती. आपल्या ओळखीत कुणी संस्कृत शिकवणारे असतील तर त्यांना विचारायला लाजू नका.

आणि शुद्धलेखन! यासाठी मी भांडेन. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. निम्म्या दाखल्यांवर तो ऋषिकेश झालेला असतो. सिद्धीची सिध्दी, अनिरुद्धचा अनिरुध्द. द आधी, मग ध. ज्ञानेश, ज्ञानदा यांचं स्पेलिंग आपण डी-एन-वाय असं करतो, उत्तरेत जी-वाय. एकच ठरवा आणि सगळीकडे तेच चालवा. दादाला सांग, दवाखान्यातला फॉर्म घाईत भरू देऊ नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर तो रकाना मोकळा ठेवता येतो. पुढे वर्षभरात शुल्काशिवाय नाव घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाईने कसंतरी नाव लिहून टाकायचं कारणच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच धरतात, म्हणून त्यावरची एकेक वेलांटी वाचून मगच सही करा. आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. बाळाच्या नावापुढे आता वहिनीचं नाव येणार आहे. तेव्हा म्हणून बघताना तिचं नाव मध्ये घेऊन म्हण.

बारशाच्या दिवशीचं एवढंच. नाव बाराव्या दिवसापर्यंत घरातच राहू दे, फोनवरून गावभर करू नका. वरवंटा धुऊन, पुसून, कुंची घालून तयार ठेव. आधी तो पाळण्याखालून-वरून फिरतो, मग बाळ. तू वाकलीस की बायका पाठीत धपाटे घालतील, तरी घाई करू नकोस. ओठ कानाशी अगदी जवळ ने. आधी कुर्र, मग पूर्ण नाव, सावकाश, एकदाच. आणि सरळ उभी राहण्याआधी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघ.

घुगऱ्यांचे हरभरे मी आदल्या रात्री भिजत घालीन, ते तुम्ही बघू नका.

तुझी,
आत्या