एकट्याची हाक

सुरतेतील गोडादरा भागात पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. या शहराचा कापडधंदा रात्रीही जागा असतो. कोणी एकटाच गोदाम राखतो, कोणी टाकी साफ करण्यास उतरतो. असा मनुष्य बेशुद्ध पडला, तर त्याने हाक कशी मारावी?

घंटेची कळ नुसती हाताशी असून भागत नाही. ती दाबण्यास शुद्ध हवी. म्हणून एकट्या कामगाराजवळ द्यावयाच्या यंत्राची रचना उलटी असते. त्याची हालचाल थांबली, किंवा ठरल्या वेळी त्याने खुशालीची खूण दिली नाही, की इशारा आपोआप जातो. येथे मौन हीच हाक होय. मुंबईच्या लोकलगाडीतही हेच तत्त्व आढळते. मोटरमनचा हात मुठीवरून सुटला, की ब्रेक लागतात.

परंतु ऐकणारा नसेल, तर इशारा व्यर्थ! १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हे ओळखले होते. टाकीतील हवा निर्धोक असल्याचा दाखला नसेल, तर श्वसनयंत्र लावून व पट्ट्याला दोर बांधून आत उतरावे. दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने धरावे, असे त्याच्या ३६ व्या कलमात सांगितले होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरचे कोणी रात्रपाळीस एकटे असेल, तर खुशाली कळविण्याची वेळ आजच ठरवू या. ती टळली, तर कारखान्यास तत्काळ कळवू या. विषारी वायूच्या टाकीत मात्र मदतीसाठीही कोणी तसेच उतरू नये. १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास बोलवावे. दोराचे दुसरे टोक आपल्याच हाती आहे.