मोठ्या अंकांचा हिशेब : तापीचे पाणी आणि संगणकाचा गाभा

सुरत शहराचे सुखदुःख तापी नदीशी निगडित आहे. शहराच्या वरच्या अंगास १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले. तरीही ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. अशा प्रसंगी किती पाणी आले व किती सोडले, याचा हिशेब घटकेघटकेला लागतो. आज असे हिशेब संगणक करतात. मात्र संगणकाचा रकानाही मर्यादित असतो.

रकाना अपुरा पडतो तेव्हा

३२ बिटांच्या रकान्यात ४,२९,४९,६७,२९५ ही सर्वांत मोठी संख्या मावते. समजा, नदीतून दर सेकंदास १०,००० घनमीटर पाणी सतत पाच दिवस वाहिले. पाच दिवसांचे सेकंद होतात ४,३२,०००. म्हणजे एकूण पाणी ४३२ कोटी घनमीटर. हा आकडा रकान्यात मावत नाही. वरचा भाग गळून पडतो व उत्तर अवघे २,५०,३२,७०४ दिसते. यंत्र बहुधा कोणतीही सूचना देत नाही.

गाभ्यातील गणित

संगणकाची सर्व कामे चालविणाऱ्या कार्यप्रणालीच्या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात. वेळ मोजणे, स्मृतीची वाटणी करणे ही त्याची कामे. तेथे अपूर्णांकांचे गणित सहसा टाळतात. आधी पूर्णांकाने गुणून मग भागतात. या रीतीत अंतिम उत्तर रकान्यात मावते, पण मधला गुणाकार मावेलच असे नाही.

लिनक्स या कार्यप्रणालीत असेच घडले. इंटेल जातीच्या प्रक्रियकांसाठी लिहिलेल्या भागात, संगणक सलग सुमारे २०८ दिवस चालू राहिला की कालमापनातील गुणाकार ६४ बिटांच्याही बाहेर जाई व वेळेचा आकडा एकाएकी मागे पडे. २०११ साली ही उणीव दूर करण्यात आली.

उपाय दोन

पहिला उपाय पाटीवर समजतो. चारच अंक मावणाऱ्या पाटीवर २३४५ ला २५ ने गुणून १०० ने भागावयाचे आहे. गुणाकार ५८,६२५ पाटीत मावत नाही. म्हणून आधी २३४५ ची फोड करावी : शंभराचे २३ भाग व बाकी ४५. मग २३ × २५ = ५७५; तसेच ४५ × २५ = ११२५, त्याचा शंभरावा भाग ११. बेरीज ५८६. उत्तर बिनचूक येते. लिनक्समधील दुरुस्तीचे तत्त्व हेच होते.

दुसरा उपाय म्हणजे रकानाच रुंद करणे. ६४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १२८ बिटांत, म्हणजे दोन जोडरकान्यांत ठेवतात. लहान यंत्रांवर प्रत्येक संख्येचे दोन तुकडे करून चार गुणाकार करतात आणि हातचा पुढे नेतात. शाळेत शिकविली जाणारी रीतच येथे कामी येते.

हिशेब संगणकाने केला म्हणून तो आपोआप निर्दोष ठरत नाही. उत्तर किती मोठे येईल एवढेच पाहून भागत नाही. वाटेतील सर्वांत मोठी संख्या कोणती, हेही आधी पाहावे लागते. शिक्षकांनी हातच्याचा पाठ शिकविताना आणि अधिकाऱ्यांनी नवी यंत्रणा स्वीकारताना हा प्रश्न अवश्य विचारावा.