गाडी, घर, पगार: राज्याच्या अर्थसंकल्पाने तुमचे किती गेले, किती वाचले

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘काय स्वस्त, काय महाग’ अशी चौकट येते. ती वाचून लगेच गाडी बुक करायला धावू नका. अर्थमंत्री सभागृहात मांडतात तो प्रस्ताव असतो. कायद्यात दुरुस्ती होते आणि ती ज्या तारखेपासून लागू होते, त्या तारखेपासूनच तुमच्या पावतीवरचा आकडा बदलतो.

१० मार्च २०२५ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी मांडलेला महाराष्ट्राचा अर्थसंकल्पच घ्या. ३० लाखांपेक्षा महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेत असल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. सीएनजी गाड्यांवरची १ टक्क्याची वाढ मात्र टिकली आणि १ जुलै २०२५पासून लागू झाली.

व्यक्तीच्या नावावरच्या सीएनजी गाडीला दहा लाखांपर्यंत पूर्वी ७ टक्के कर होता, आता ८. नऊ लाखांच्या गाडीला ६३ हजारांऐवजी ७२ हजार मोजावे लागतात. तेवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी ९९ हजार पडतात, म्हणजे सीएनजी अजूनही २७ हजारांनी स्वस्त. माझ्या मते रोज लांबचा प्रवास असेल तर या वाढीपायी बेत बदलू नये. शोरूममध्ये मात्र ‘ऑन रोड’ अशी एकच रक्कम ऐकून घेऊ नका. कोटेशनवर आरटीओचा कर, विमा आणि इतर आकार वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. कर नोंदणीच्या वेळी भरायचा असतो, त्यामुळे बुकिंग जुन्या दराच्या काळात केले म्हणून जुना दर मिळेलच असे धरून चालू नका.

जुन्या अर्थसंकल्पांतल्या सवलती लोक विसरतात, याचे मला फार वाईट वाटते. एप्रिल २०२१पासून महिलेच्या नावावर राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्क १ टक्क्याने कमी लागते. ६० लाखांच्या फ्लॅटवर ६० हजार वाचतात. नवऱ्याचे नाव सोबत लावले की सवलत जाते, म्हणून दस्त तयार होण्याआधीच घरात बोलून ठरवा.

पगाराची पावतीही एकदा नीट पाहा. एप्रिल २०२३पासून दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. ‘पी. टी.’च्या रकान्यात तरीही २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जात असतील, तर वर्षाचे २,५०० रुपये विनाकारण जातात. लेखा विभागाला लेखी विचारा.

मुद्रांकाचे खर्च खरेच वाढलेत. ऑक्टोबर २०२४मध्ये अनेक दस्तांसाठीचा शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला. २०२५च्या अर्थसंकल्पात शुल्क ठरवून घेण्याच्या अर्जाची, म्हणजे अभिनिर्णयाची फी १०० वरून १,००० करण्याचा प्रस्ताव आला. पण जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढताना सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४पासूनच माफ आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांसाठी रांगा लागतात, तेव्हा गरजू मुलांच्या पालकांना पाचशेचा कागद घ्यायला लावले जाते. तो घेऊ नका. साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र द्या आणि कोणी अडवले तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा.