माहितीपर उताऱ्याचे अध्यापन : गाविलगडाच्या निमित्ताने

माहितीपर उतारा, म्हणजे वस्तुस्थिती सांगून तिची कारणे मांडणारा ललितेतर मजकूर, शिकवताना वाचनाच्या पायऱ्या पाठ करून घेण्यावर भर दिला, की पायऱ्या उरतात आणि वाचन राहून जाते, असा वर्गातला अनुभव आहे. मजकुरावरून नजर फिरवणे, प्रश्न मांडणे, वाचणे, आठवून सांगणे आणि उजळणी करणे ही फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1946 मध्ये मांडलेली रीत उपयुक्तच आहे. परंतु कृतिपत्रिकेतील आकृतिबंध उताऱ्यातला नेमका शब्द उचलून भरता येतो हे ज्याला उमगले, तो विद्यार्थी पाचही पायऱ्या बिनचूक गिरवूनही आशयाला स्पर्श करत नाही.

अचलपूरच्या वर्गात गाविलगडाचा उतारा घेतल्यास आणखी एक अडचण दिसते. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या नेतृत्वाखालील फौजांनी गाविलगड घेतला आणि 17 डिसेंबरला दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला, हा मजकूर विद्यार्थी भराभर वाचून संपवतात, कारण चिखलदऱ्याच्या सहलीत पाहिलेल्या गडाचे नाव दिसताच सारे कळल्याचा भास होतो. पूर्वज्ञान, म्हणजे वाचकाजवळ आधीपासून असलेली विषयाची जाण, आकलनाला मोठाच आधार देते. रेक्ट आणि लेस्ली यांच्या 1988 मधील प्रयोगात बेसबॉल जाणणाऱ्या कच्च्या वाचकांना त्या खेळाचे वर्णन, खेळ न जाणणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा अधिक आठवले. मात्र गड पाहिलेला असणे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी का लढले हे ठाऊक असणे या भिन्न गोष्टी आहेत, म्हणून वाचनापूर्वी ‘काय माहीत आहे?’ यासोबत ‘ते कशावरून माहीत आहे?’ हेही विचारले पाहिजे.

तारखांवरून क्रम कळतो, कारण कळेलच असे नाही. यासाठी वहीत ‘नंतर घडले’ आणि ‘त्यामुळे घडले’ असे दोन रकाने आखावेत, दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक नोंदीपुढे उताऱ्यातील आधाराचे वाक्य लिहून घ्यावे, आणि उतारा कारण देत नसेल तेथे रकाना कोरा सोडणाऱ्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण द्यावेत. ही शेवटची बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे, कारण अंदाजाने जागा भरण्याची सवय तेथेच मोडते. त्यानंतर मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला रेल्वेवरील उतारा द्यावा, ज्यात वऱ्हाडच्या कापसाची वाहतूक हे मार्ग टाकण्याचे कारण म्हणून येते, आणि या वेळी रकाने विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावेत.